अजून एक हात

भिंतीला रंगाचे दोन हात ठरले असतील तर हा बाबा तीन देणार, तीन ठरले असतील तर चार. मालक खालून ओरडायचे, "अहो पेंटर, झालं की! चकाकतेय भिंत." हा शिडीवरूनच मान हलवणार, "अजून एक हात देऊ या. जास्त दिल्याने कुठल्या भिंतीचं वाटोळं झालंय?" त्यावरून त्याचं नावच पडलं होतं 'अजूनएक'. समोरचा दुकानदार हाक मारायचा, "काय अजूनएक, आज कुठे?" आणि हाही खुशाल ओ द्यायचा. जादाचा रंग कित्येकदा पदरचा जायचा. बायको कपाळाला हात लावायची. ती रंगाच्या दुकानात रंग मिसळायच्या मशीनवर बसायची. तिथे सगळं थेंबांच्या हिशेबात चालतं. निळ्याचा एक थेंब जास्त पडला की अख्खा डबा फुकट. असली बाई आणि असला बाप्या एका घरात कसे नांदले, देव जाणे. पण नांदले, आणि बरे नांदले.

रंगाऱ्याचं दुसरं खूळ म्हणजे ओल. भिंतीवर ओलीचा डाग दिसला की ब्रश खाली, कानामागची पेन्सिल हातात. डागाभोवती आधी गोल काढणार, मग बाकीचं बोलणं. कारण ओल ही महालबाड चीज. चार दिवस ऊन पडलं की डाग गायब. मालक टाळ्या पिटतो, "गेली हो ओल, आता मारा रंग!" मारला की फसलात. आतला नळ गळतोच आहे, आणि काही महिन्यांत तोच डाग रंगाचे पोपडे पाडून, दुप्पट होऊन, पुन्हा हजर. शिवाय डाग वाळला की गिलावा नेमका कुठे फोडायचा हेही कळत नाही. मेहुणा त्याच्याच हाताखाली काम करायचा. त्याने एकदा खूण न करता वाळलेल्या डागावर रंग फासला होता. रंगाऱ्याने त्याला असा झापला की बिचारा आठवडाभर बहिणीच्या आडून बोलत होता.

सर्जनबाईंची ओळखही ओलीतूनच झाली. बाईंच्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली होती. पेंटर येणार, त्याला भिंत कोरडी लागणार, अशा समजुतीने बाईंनी हीटर लावून भिंत खडखडीत वाळवून ठेवली. हा डबे घेऊन आत गेला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"ओल कुठेय?"

"गेली! मी वाळवून ठेवली," बाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या.

"वाळवायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? आता मी खोदू कुठे?"

ही बाई रोज माणसांची पोटं उघडते, तिच्या एका शब्दावर सगळं ऑपरेशन थिएटर हलतं, हे त्याला काय ठाऊक! बाई मात्र गृहपाठ विसरलेल्या मुलीसारख्या गप्प उभ्या राहिल्या. शेवटी अंदाजपंचे छिन्नी चालवत अर्धी भिंत फोडली, तेव्हा कुठे कोपऱ्यात गळका नळ सापडला. "वीतभर फोडून भागलं असतं," हा दिवसभर पुटपुटत होता. जाताना बाईंना उपदेशही करून गेला, की पुढच्या वेळी आधी खूण, मग सगळं. आणि हो, रंगाचा एक हात जास्त दिला, तो दिलाच.

पुढच्या वर्षी त्याला शिडीवर धाप लागायला लागली. आधी म्हणाला, रंगाचा वास आहे. मग म्हणाला, शिडी जुनी झालीय. मेहुणा म्हणाला, "दाजी, शिडी जुनी झाली तर धाप शिडीला लागायला पाहिजे." शौचाला रक्त पडत होतं, ते याने मूळव्याध समजून दाबून ठेवलं होतं. एके दिवशी भर कामात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रंगाचा डबा सुटून थेट मेहुण्याच्या डोक्यावर रिकामा झाला. मेहुणा नखशिखांत फिकट पिवळा होऊन घरी आला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, आता तू त्यांना डॉक्टरकडे ने, नाहीतर मी पुढच्या वेळी हिरवा होईन."

दुर्बीण घालून तपासलं तर मोठ्या आतड्यात गाठ. कॅन्सर. मग स्कॅन काढला, तर लिव्हरमध्येही डाग, एक दोन नव्हे, पाच. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिव्हरच्या एका सर्जनबाईंचं नाव सांगितलं. चिठ्ठीवरचं नाव वाचून मेहुणा ओरडला, "दाजी, ही तर बाथरूमवाली!"

बाईंनी त्याला दारातच ओळखलं. "या पेंटर. आज कोण कोणाला ओरडणार?"

तो नुसता हसला. बायकोने मात्र आडपडदा ठेवला नाही. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "वाचतील ना हे?"

"खोटं सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "आतड्यातला आजार लिव्हरमध्ये गेलाय, म्हणजे साधं प्रकरण नाही. पण हे पाचही डाग माझा हात पोचेल अशा जागी आहेत. ते सगळेच्या सगळे काढता आले तर पेंटर पुढची कित्येक वर्षं शिडीवर दिसतील. काढता नाही आले, तर औषधाने आजार नुसता थोपवून धरायचा, जमेल तितके दिवस. म्हणजे सगळं त्या पाच डागांवर आहे."

"आणि लिव्हर? ते कापल्यावर उरेल काय?"

"लिव्हर पुन्हा वाढतं. अर्ध्याहून जास्त कापलं तरी दोन-तीन महिन्यांत मागचं भरून येतं. मात्र मागे उरलेलं चांगलं हवं, आणि पुरेसं हवं."

मेहुण्याला हे फार आवडलं. घरी येताना म्हणाला, "ताई, दाजींचं डोकं पण तसंच निघालं तर किती बरं होईल."

बाईंनी बेत आखला. आधी आतड्याचं ऑपरेशन, मग औषधवाल्या डॉक्टरांकडे केमोचे चार डोस, म्हणजे डाग आकसतील, मग लिव्हर. "चौथा डोस झाला की स्कॅन, आणि स्कॅन झाला की तडक माझ्याकडे," त्यांनी बजावलं. आतड्याचं ऑपरेशन सुरळीत झालं. गाठ असलेला तुकडा काढून दोन टोकं जोडली. शुद्धीवर आल्यावर हा पहिलं वाक्य काय बोलला असेल? "या छताला प्रायमर मारलेला नाही." बायकोला हसू आणि रडू एकदमच आलं.

केमोही त्याने हसतखेळत घेतला. दर डोसाला थेंब थेंब अंगात जाणाऱ्या औषधाची बाटली कमरेच्या पिशवीत अडकवून दोन दिवस हिंडायचा. गार पाण्याला हात लागला की बोटांना सुया टोचल्यासारखं व्हायचं, म्हणून ब्रश धुवायचं काम मेहुण्याकडे गेलं. टर्पेंटाइनचा वास आला की मळमळायचं, ही मात्र त्याला घोर बेइमानी वाटली. केमोच्या खोलीतल्या भिंतीचा एक पोपडा त्याने बसल्या बसल्या नखाने सोलून काढला, तेव्हा सिस्टर म्हणाली, "काका, दुसरा हात पण सलाइनने बांधू का?"

चार डोस झाले. आता तडक बाईंकडे जायचं होतं, आणि इथेच आमच्या अजूनएकने माती खाल्ली.

एक तर त्याला भीती वाटत होती. पोटावरची पहिली शिवण अजून ओढत होती, तेवढ्यात पुन्हा पोट उघडायचं, आणि तेही आधीपेक्षा मोठं. ही भीती त्याने कोणाला सांगितली नाही. स्वतःला मात्र त्याने वेगळंच सांगितलं, की औषध लागू पडतंय, मग थांबायचं कशाला? अजून एक-दोन हात बसू देत. जास्त दिल्याने कुठल्या भिंतीचं वाटोळं झालंय?

आता रंगाऱ्यांची एक जुनी विद्या आहे. घरात नवऱ्याला एक रंग हवा असतो, बायकोला दुसरा. दोघं भांडत बसली तर काम अडतं. मग रंगारी नवऱ्याला हळूच म्हणतो, "बाईंनी हा पसंत केलाय." बायकोला म्हणतो, "साहेबांनीच सांगितलंय." दोघंही गप्प बसतात आणि भिंतीला रंगाऱ्याच्या मनातला रंग लागतो. या विद्येवर त्याने उभा जन्म काढला होता. तीच त्याने इस्पितळात चालवली. औषधवाल्या डॉक्टरांना म्हणाला, "बाई म्हणाल्या, अजून दोन द्या." बाईंच्या ऑफिसात फोन करून म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, अजून दोन राहिलेत." बायकोला म्हणाला, "दोघांचंही तसंच मत आहे." बाहेर रांग वाढत होती आणि बाईंशी एकदा बोलून घेऊ म्हणता म्हणता डॉक्टरांचं बोलणं राहून गेलं. दोन डोस झाले. मग याच वाटेने अजून दोन झाले.

शेवटी डॉक्टरांनीच स्कॅन काढायला लावला. रिपोर्ट आला, तर लिव्हर स्वच्छ! पाचांतला एकही डाग दिसत नव्हता.

काय आनंद झाला म्हणून सांगू! मेहुण्याने रिपोर्ट उलटा धरून नाच केला. बायको मशीनवरून उठून दुकानाच्या मागच्या खोलीत गेली आणि पोटभर रडून आली. हा तर गल्लीतून असा चालला होता जणू कॅन्सर त्याने स्वतः पॉलिश पेपरने घासून काढलाय. कोपऱ्यावरच्या बेकरीतून मोठा केक घेतला आणि बायकोला नि मेहुण्याला घेऊन निघाला सर्जनबाईंना आनंदाची बातमी द्यायला.

"मॅडम, तुमचं काम वाचवलं," केक टेबलावर ठेवत तो म्हणाला.

बाईंनी स्कॅन बघितला. मग जुना स्कॅन काढून शेजारी लावला. केककडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"चारनंतर आणखी चार डोस? कोणी सांगितलं?"

"औषधवाले डॉक्टर म्हणाले..."

बाईंनी फोन उचलला. नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून घराघरांत ती विद्या खपते. इथे मात्र दोघांच्या टेबलांवर फोन होते. बाई ऐकत होत्या आणि रंगाऱ्याकडे बघत होत्या. फोन ठेवून त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"पेंटर, माझ्या न्हाणीघरात तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतंय?"

त्याला आठवलं. मेहुण्याच्याही डोक्यात प्रकाश पडला, कारण त्याने केकचा डबा हळूच आपल्याकडे ओढून मिटला.

"तेच आज मी तुम्हाला विचारते," बाई म्हणाल्या. "वाळवायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? आता मी खोदू कुठे?"

रंगाऱ्याला तोंड वर करवेना. बायकोला यातलं अजून काहीच कळत नव्हतं. तिने विचारलं, "म्हणजे? गेले ना डाग?"

"फोटोतून गेलेत. आतली मुळं बहुतेक वेळा जिवंत असतात. मला डाग लहान हवे होते, पण दिसणारे हवे होते. मुळासकट काढायचे तर जागा सापडायला नको? आणि इतक्या औषधाने लिव्हर सुजलंय, आज सुरी लावली तर सावरणार नाही. थांबावं लागेल. थांबताना ते बाहेर आले तर बरंच, मला दिसतील. पण आणखी कुठे पसरले, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

बाहेर बसच्या थांब्यावर बायको उभी राहिली. बाक रिकामा होता, तरी बसली नाही. मेहुणा शहाणपणाने चार पावलं लांब जाऊन जाहिराती वाचू लागला.

"मी रोज थेंब मोजते," ती म्हणाली. "एक थेंब जास्त पडला तर डबा फेकावा लागतो. डबा दुसरा मिळतो हो! तुम्ही दुसरे कुठून आणू मी?"

"चुकलं माझं."

"रंग मारा हवे तितके. पण खोटं बोललात, तेही माझ्याशी! भीती वाटत होती तर मला सांगायचं. मी काय परकी आहे?"

"भीती वाटली गं," तो म्हणाला. "लय भीती वाटली."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं होतं. बायकोने बाकावरची धूळ रुमालाने पुसली, त्याला बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. बोलली मात्र नाही. पुढचे कितीतरी दिवस बोलली नाही. सगळं वेळच्या वेळी करायची, औषध, जेवण, फिरायला नेणं, पण मुकाट्याने. निरोप्याचं काम मेहुण्याकडे आलं. "दाजी, ताई म्हणते जेवून घ्या." "तिला सांग, घेतो." तिघंही एकाच टेबलाशी बसलेली असायची.

थांबायचे ते दिवस फार वाईट गेले. रंगाऱ्याला हाताला काम नाही, आणि डोक्यात एकच, की आत काय चाललंय. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ओल दिसावी म्हणून वाट बघितली. शेवटी लिव्हर सावरलं आणि पुन्हा स्कॅन झाला, या वेळी जास्त बारीक दिसणारा. बाईंनी निकाल सांगितला, "दोन डाग दिसतायत. जुन्याच जागी. नवीन कुठेही काही नाही." बायकोने मोठा श्वास सोडला आणि थेट नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंत का?" अबोला तिथेच सुटला. मेहुणा म्हणाला, "सुटलो बुवा. माझा घसा बसला होता."

ऑपरेशनच्या दिवशी त्याला आत नेताना तो बाईंना म्हणाला, "मॅडम, फोडावी लागली अर्धी भिंत तर फोडा. माझीच करणी आहे."

"ते माझ्यावर सोडा. आणि आज भिंत गप्प बसते, हे लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या.

बायको बाहेर बसून होती. मेहुण्याने तिला हसवायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा नुसतीच जांभई दिली. ऊन खिडकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं, तेव्हा बाई बाहेर आल्या. चेहरा दमलेला, कपाळावर टोपीचा वळ.

"ठीक आहेत. जुना स्कॅन समोर लावून शोधलं, लिव्हरवर थेट सोनोग्राफी फिरवून बघितली, बोटांनी चाचपलं. चार सापडले, चारही काढले. जागा नक्की नसल्यामुळे काही ठिकाणी हवं त्यापेक्षा जास्त कापावं लागलं."

"आणि पाचवा?"

"नाही सापडला. खोलवर, मोठ्या रक्तवाहिनीजवळची जागा आहे. अंदाजाने खोदत बसले असते तर मागे पुरेसं लिव्हर उरलं नसतं. म्हणून पुरे केलं."

रडायला येईल असं बायकोला वाटलं होतं, पण आलं नाही. पुरे कुठे म्हणायचं हे कळणारं माणूस तिला बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं. तिने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "बरं केलंत. थांबलात, ते बरं केलंत."

रंगारी बरा झाला, आणि बरा होताना सगळ्या वॉर्डाला भंडावून सोडलं. व्हरांड्यात चालायला लावलं तर एकेका भिंतीपाशी थांबून रंगाऱ्यांचा उद्धार करायचा. "हे बघा सिस्टर, इथे पुट्टी भरलीच नाही, खड्ड्यावरून तसाच रोलर फिरवलाय." सिस्टर म्हणायची, "काका, चाला." पोटावर भलीमोठी शिवण होती. मेहुण्याने ती बघून विचारलं, "दाजी, यावर प्रायमर कधी?" हसताना टाके ओढायचे, म्हणून मेहुण्याला भेटायला यायची बंदी झाली. दोन-तीन महिन्यांनी लिव्हर खरंच भरून आलं. पडद्यावर ते बघताना तो इतका खूश झाला की बाईंना म्हणाला, "असा गिलावा मिळाला असता तर आम्ही उपाशी मेलो असतो."

पण पाचवा राहिला होता ना. बाईंनी समजावलं होतं, की एक तर तो औषधाने खरोखरच मेलाय, नाहीतर कधीतरी डोकं वर काढेल. मोठी भीती एकच होती, डोकं वर काढताना त्याने गोतावळा आणला तर काय? म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन. बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांना 'स्वच्छ' रिपोर्ट मिळाला की ते एकमेकांना मिठ्या मारायचे. आमचं हे जोडपं स्वच्छ रिपोर्ट घेऊन तोंड पाडून बाहेर यायचं. शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई हळहळल्या, "वाईट निघालं का हो?" "नाही हो, चांगलंच आहे," बायको म्हणाली. त्या बाईंनी यांच्यापासून जरा लांब सरकून घेतलं.

दोन स्कॅन असे गेले. तिसऱ्या वेळी बाईंनी तिघांना आत बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. लिव्हरच्या आत, खोलवर, हरभऱ्याएवढा एक ठिपका होता.

"जुनीच जागा," बाई म्हणाल्या. "पाचवा."

"आणि बाकी?" बायकोने विचारलं.

"बाकी कुठेही काही नाही. सगळं तपासलं. एकटाच आहे."

"सापडला का लेका!" रंगारी खुर्चीतून उठलाच. मेहुण्याने टाळी वाजवली. "एकटाच आलाय दाजी, पाहुणे नाही आणले!" बाहेर बसलेल्यांनी ही आरडाओरड ऐकून नक्कीच काहीतरी भलता समज करून घेतला असणार.

बाई म्हणाल्या, एवढ्याशा डागासाठी पोट उघडायची गरज नाही. सोनोग्राफीवर बघत बाहेरून सुई घालायची आणि जागच्या जागी जाळून टाकायचा. सुईचं काम करणारे डॉक्टर वेगळे, त्यांची तारीख परवाची मिळेल. त्या बोलत होत्या, पण रंगाऱ्याचं लक्ष नव्हतं. तो पडद्याकडे टक लावून बघत होता. मग त्याने कानामागची पेन्सिल काढून बाईंपुढे धरली.

"आधी खूण करा. मग बाकीचं बोलू."

"अहो पेंटर, तो पडद्यावर दिसतोय. सुई घालताना पुन्हा दिसेल. परवापर्यंत कुठे जात नाही."

"मागच्या वेळी पण दिसत होता मॅडम."

यावर बाईंना हसू आलं, पण त्याला आलं नाही. हात पुढे केलेला तसाच होता. बायकोने ते बघितलं.

"द्या इकडे," ती म्हणाली. "तुमचा नाही मला भरवसा."

तिने त्याला तपासणीच्या टेबलावर झोपवलं आणि सदरा वर केला. मग पडद्याकडे बघून विचारलं, "कुठे येईल, डॉक्टर?" बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली. उजवीकडे, बरगड्यांच्या खाली, मोठ्या शिवणीच्या जरा वर. पेन्सिल कातडीवर उमटेना, तेव्हा बायकोने टोक जिभेवर ओलं केलं आणि पुन्हा काढलं. थेंब मोजणारी बाई ती, गोल अगदी नेमका आला. काढून झाल्यावरही तिने हात उचलला नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी गोलाशेजारीच पडलं आणि तिने ते खूण पुसू न देता अंगठ्याने टिपलं. दोन दिवस रंगाऱ्याने आंघोळही केली नाही. मेहुण्याने नाक दाबून ती तक्रार सगळ्या गल्लीला सांगितली.

सुईचे डॉक्टर तरुण होते. पोटावरचं पेन्सिलीचं वर्तुळ बघून चक्रावले, मग त्यांनी आपली सोनोग्राफी लावली आणि म्हणाले, "जवळपास बरोबर आहे की हो! कोणी काढलं?"

"घरच्यांनी," रंगारी अभिमानाने म्हणाला.

काम झाल्यावर त्याला बाहेर आणलं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. ठिपक्याच्या जागी काळा गोल होता, डागापेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठा. "भोवतीची कडही धरून जाळलाय," डॉक्टर म्हणाले. "काही उरलेलं नाही. झालं."

गुंगीत असला तरी त्याने तो काळा गोल नीट न्याहाळला. कडा तपासल्या. मग डॉक्टरांकडे मान वळवली, हात जरासा वर केला आणि तोंड उघडलं. शेजारी बायको उभी होती. तिने नुसतं बघितलं.

त्याने हात खाली घेतला.

"पुरे," तो म्हणाला.